तुटक रेघेतली चावी

गोफणीतला दगड सोडला की कुठे जातो? हा प्रश्न मी वीसेक वर्षं, दर वर्षी, नवव्या इयत्तेच्या पहिल्या तासाला विचारला. दर वर्षी उत्तर एकच यायचं, "बाहेर, मोरे, बाहेर." म्हणजे फिरवणाऱ्या हातापासून सरळ लांब. उत्तर चूक आहे. दगड सुटतो त्या क्षणी त्याचं तोंड जिकडे असतं तिकडेच तो सरळ निघून जातो, वर्तुळाच्या कडेला चाटून. त्याला वळवत ठेवण्याचं काम दोरीचं असतं. दोरी सुटली की वळणं संपलं.

मोरे म्हणजे हिब्रूत शिक्षक. ठाण्याला आमच्या शेजारी मोरे नावाचं कुटुंब राहायचं, त्यामुळे इथे पहिले काही महिने वर्गात हाक आली की मला शेजारचे दाजी आठवत आणि हसू येई. पुढे मोरे हेच माझं नाव झालं. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे मोरे. आडनाव पासपोर्टापुरतं उरलं.

मी मूळचा शिक्षक नव्हे. मुंबईला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. बोर्डावर वाकून पाठीला पोक आलं तेवढीच माझी पदवी. आम्ही मराठी बोलणारे ज्यू. १९६५ साली बायको-मुलांना घेऊन इस्राएलला आलो, किर्यात मलाखीच्या आसपास राहायला जागा मिळाली, आणि सुरुवातीला संत्री पेट्यांत भरली. मग आमच्या गावात धंदेशिक्षणाची नवी शाळा निघाली. तेल अविवचा शिकलेला माणूस दक्षिणेच्या धुळीत यायला तयार होईना. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून त्यांनी मला घेतलं. ड्रॉइंग शिकवायचं, आणि ड्रॉइंग शिकवणाऱ्याला यंत्रं कळतात म्हणून गतिशास्त्रही. शाळेचं नाव मी लिहीत नाही. गावातल्यांना ते ठाऊक आहे, बाहेरच्यांना कळून उपयोग नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण पुढे त्या लागतील. आमच्याकडे वस्तू तीन बाजूंनी काढतात, समोरून, वरून आणि कडेने. डोळ्याला दिसते ती कड सलग रेघेने काढायची. जी कड आहे, पण पुढच्या लोखंडाआड दडली आहे, ती तुटक रेघेने. मुलं नेमकी तुटक रेघ विसरतात आणि मी मार्क कापतो. "दिसत नाही म्हणून नाही असं होत नाही," हे मी इतक्यांदा म्हटलं की मुलं माझ्या मुंबईच्या हिब्रू उच्चारासकट त्याची नक्कल करत. मला ती आवडायची.

दुसरी गोष्ट शब्दाची. फिरतंय ते फिरतच राहतं, थांबलंय ते थांबूनच राहतं, या नियमाला ठाण्याच्या शाळेत आम्ही जडत्वाचा नियम म्हणत होतो. हिब्रूत त्याला हतमादाचा नियम म्हणतात. हतमादा म्हणजे चिकाटी. एकाच गुणाला एका भाषेत ढिम्मपणा म्हणायचं आणि दुसरीत चिकाटी, याची मला गंमत वाटायची. पण शिक्षकांच्या बैठकीत आमच्या भारतातून आलेल्या मुलांचा विषय निघाला की हिब्रू बोलणारे लोकही मराठी अर्थ धरत. "गरीब आहेत, शांत आहेत, पण जड आहेत. हातकामाच्या तुकडीत घाला." त्या बैठकांत मी भांडलो आहे. चांगला भांडलो आहे. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने लिहिण्यासारखं फार काही नाही.

प्रोस्पेर मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातला. बाप रस्त्याच्या डांबरीकरणावर, घरात आठ भावंडं, पोरगा हाडकुळा आणि भांडखोर. गोफणीच्या प्रश्नाला सगळा वर्ग "बाहेर" म्हणून ओरडला तेव्हा हा एकटा म्हणाला, "नाही. बाजूला." मी म्हटलं, दाखव. तो अंगणात गेला, कमरेचा पट्टा काढला, त्यात दगड घातला आणि म्हणाला, "माझा हात पाण्याच्या टाकीकडे असेल तेव्हा सोडतो. दगड स्वयंपाकघराच्या दाराला लागेल." लागला. स्वयंपाकीण बाई कालथा घेऊन बाहेर आली. मुख्याध्यापकांनी त्याला दोन तास भिंतीशी उभं केलं, आणि मी त्याला त्या सहामाहीचे पहिले पूर्ण मार्क दिले.

त्याला विमानदलाच्या तांत्रिक शाळेत जायचं होतं. तिथे ड्रॉइंग आणि गतिशास्त्राचे मार्क बघतात, वर्तणूकही बघतात. मार्क होते. वर्तणुकीसाठी मी त्याला दर आठवड्याला झापत होतो. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत तुटक रेघ कधीही न विसरणारा तो एकच.

इजू दोन वर्षांनी आला. आयझॅक त्याचं नाव, इथे यित्झाक झालं, पण आई इजूच म्हणायची. पनवेलकडचे लोक. बाप बोट लागायच्या आधीच वारला होता. आई रिबकाबाई जिने पुसायचं काम करी. शाळेच्या पहिल्या दिवशी ती मुलाला घेऊन थेट ड्रॉइंगच्या वर्गात आली.

"सर, तुम्ही आपले हायत म्हणून ह्याला हितं घातला," ती म्हणाली. "लय भित्रा हाय. पण सांगितलेलं ऐकतो. सांगितलं त्याच्या भायेर जानार नाय. तुमच्या पदरात टाकला."

खरंच ऐकायचा. उभा राहा म्हटलं की पुन्हा बस म्हणेपर्यंत उभा. इथल्या मुलांना हे बावळटपणाचं वाटे. पंधरा वर्षांचा मुलगा मास्तरांनी सांगितलं म्हणून काही करतो, हे त्यांच्या पाहण्यात नव्हतं. आठ महिने झाले तरी इजूचं हिब्रू चार शब्दांपलीकडे गेलं नव्हतं. मी बाजूला घेऊन मराठीत समजावलं की मात्र त्याला सगळं समजायचं. हातकामाच्या तुकडीत जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. मी ते खोडायला लावलं. "मला उन्हाळ्यापर्यंत वेळ द्या," असं म्हणालो होतो.

तो दिवस १९७३ च्या योम किप्पूरच्या लढाईच्या आधीच्या एका वसंतातला. वर्कशॉपचा मास्तर राखीव सैन्याच्या ड्युटीवर गेला होता. या देशात कुणी ना कुणी असा गेलेलाच असतो. त्याच्या जागी काही आठवडे मला उभं केलं होतं. लेथ कुणी पाहिला नसेल तर सांगतो. लोखंडाचा तुकडा, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, तो चक नावाच्या गोल जबड्यात घट्ट धरायचा. मोटर चालू केली की चक जॉबसकट गरगर फिरतो, आणि मग पात्याने जॉब कापायचा. चक आवळायला एक चावी असते, पावशेर लोखंडाची, टी अक्षराच्या आकाराची. ती चकच्या कडेच्या भोकात घालून फिरवायची आणि काढून घ्यायची. चावी आत राहिली आणि मोटर चालू झाली तर काय होईल ते गोफणीच्या धड्यात आलंच आहे. म्हणून जगातल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये एकच नियम असतो: चावी चकमध्ये तोवर हात चावीवर.

त्या दिवशी मी इजूला पहिल्यांदा जॉब लावायला दिला. इथे एकाच भोकातून आवळून मोकळे होतात. मुंबईला आम्हाला तिन्ही भोकांतून थोडं थोडं आवळायची सवय लावली होती. तसं केलं की जॉब डळमळत नाही. ती सवय मी इजूला लावत होतो. प्रोस्पेर पाती आणायला कोठीत गेला होता. बाकीची मुलं आमच्याकडे पाठ करून कानशीने घासत होती. तेवढ्यात दारातून कार्यालयातल्या बाईंनी हाक मारली, फोन आहे म्हणून. मी इजूला थांबायला सांगितलं आणि कोठीतून येणाऱ्या प्रोस्पेरला म्हटलं, "पहिला काप तू घे." मग फोन घ्यायला गेलो. दोन मिनिटं, फार तर तीन.

फोन हातात असतानाच आवाज ऐकला. आधी लोखंडाचा, मग मुलाचा.

प्रोस्पेर पात्याची धार जॉबला लावायला चकवर वाकला होता आणि वाकूनच त्याने बटण दाबलं होतं. डोळे वाचवायचा चष्मा घातला नव्हता. चावी चकच्या पाठीमागच्या भोकात होती. चक फिरतो तेव्हा मागची बाजू वर चढते आणि वरची आपल्याकडे येते. चावी वर चढता चढता सुटली आणि स्पर्शरेषेत सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. मी पोचलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता, दोन्ही हात तोंडावर, आणि रडत नव्हता. हे मला अजून सहन होत नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

रुग्णवाहिका गेल्यावर मुख्याध्यापक खाली आले. चांगला माणूस होता, पोलंडहून लहानपणी एकटा आलेला, रागीट. मुलांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, "मी?"

हिब्रूत मी म्हणजे कोण. चावी कोणी ठेवली, असं ते विचारत होते. "मी?" त्यांनी पुन्हा विचारलं. रांगेच्या टोकाशी इजू उभा होता, पांढराफटक. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "मी."

मुख्याध्यापक त्याच्याकडे वळले. "हो, तेच तर विचारतोय. मी?"

"मी," इजू म्हणाला. या खेपेला मोठ्याने.

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. मुख्याध्यापकांना वाटलं पोरगा घाबरून पोपटासारखा बोलतोय. ते माझ्याकडे वळले. "तुमच्या मुलाला काय हवंय? काय म्हणतोय तो?"

त्या खोलीत मराठी समजणारा, म्हणून ते ऐकू आलेला माणूस मी एकटा होतो. पंधरा वर्षांच्या पोराने, ज्याला कुणी धमकावलं नव्हतं, सगळ्यांसमोर दोनदा कबुली दिली होती, आणि ती माझ्याशिवाय कुणाच्या कानात शिरली नव्हती. मी म्हणालो, "हू शोएल मी." तो विचारतोय, कोण.

तीन शब्द. विचार करून बोललो असंही म्हणता येत नाही. मुख्याध्यापकांनी हात झटकला, "याला काही कळत नाही," म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी इजूला ड्रॉइंगच्या वर्गात एकट्याला बसवलं. दार लावलं. "काय झालं ते सांग," मी म्हटलं.

"मी काल बोललो ना त्यांना, सर," तो म्हणाला. "दोन डाव बोललो."

"मला सांग."

"पहिल्या होलमध्ये टाईट केली. मंग चक फिरवली. चावी होलमध्येच, माझ्या हातात होती, चकबरोबर मागं गेली. तवा तुम्ही दारातून बोललात, इजू, बस, सोड आता. मंग मी सोडली."

मी असं म्हणालो होतो का? म्हणालो होतो. बाई दारात उभ्या होत्या, मी घाईत होतो, प्रोस्पेर येत होता, आणि मी वळता वळता मराठीत म्हणालो होतो, "बस, सोड आता." मला म्हणायचं होतं, काम सोड. सांगितलेल्याच्या बाहेर न जाणाऱ्या मुलाने हातात होतं ते सोडलं आणि एक पाऊल मागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्या कुठल्याही मुलाने चावी काढून ठेवली असती. दुसऱ्या कुठल्याही मुलाला ते मराठीत ऐकू आलं नसतं.

"प्रोस्पेरला सांगणार होतो," इजू म्हणाला. "पन काय बोलायचं ते येईना. तो बटन दाबेपर्यंत जमलं नाय." मग त्याने विचारलं, "सायबांनी माफ केलं ना, सर? काय बोलले नाय मला."

त्याला वाटत होतं, आपण खरं बोललो आणि मोठ्या माणसांनी ते पदरात घेतलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो. तू सांगितलंस, झालं. आता पुन्हा कुणाला सांगायची गरज नाही."

"हो सर," इजू म्हणाला. आणि त्याने पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

पोराला वाचवलं, विधवेच्या एकुलत्या एका मुलाला वाचवलं, आमच्या सगळ्या मुलांवर बसणारा शिक्का वाचवला, असं मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवलं. पहिल्या दिवसापुरतं ते खरंही असेल. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःला वाचवत होतो. इजूचं नाव निघालं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: हिब्रू न येणाऱ्या पोराला लेथवर कोणी उभं केलं, आणि तो तिथे असताना वर्कशॉप सोडून कोण गेलं? हे कुणाला न समजण्यासारखं नव्हतं. म्हणून कुणाला विचारू दिलं नाही.

खात्याचे निरीक्षक चौकशीला यायचे होते. मुख्याध्यापकांनी मला अपघाताचं ड्रॉइंग करायला सांगितलं. ते मी केलं. तीन दिवस केलं. समोरून, वरून, कडेने. चक, पातं धरणारा पाळणा, बटण, वाकलेल्या मुलाच्या डोक्याची जागा, चावीची वाट बाणाने दाखवलेली. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम क्वचित झालं असेल. आणि समोरच्या चित्रात चावी मी तुटक रेघेने काढली. ती चकच्या पाठीमागे होती, उभ्या राहणाऱ्याला दिसत नव्हती, म्हणून तुटक. सलग रेघेने काढायला हात धजला नाही. तोंडाने वाटेल ते बोललो होतो, पण कागदावर खोटी रेघ मारणं मला जमलं नाही. याचा मला त्या वेळी अभिमान वाटला, आता लाज वाटते. कारण निरीक्षकांना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. त्यांनी "सुंदर आहे" म्हटलं, बाणावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "काम कोणाला दिलं होतं?"

"प्रोस्पेरला," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

अहवालात लिहिलं गेलं की विद्यार्थ्याने स्वतः जॉब आवळला, चावी काढली नाही, चष्मा घातला नाही. प्रोस्पेर दवाखान्यात पडून म्हणत होता, चावी मी लावली नाही. पण तो नेहमीच "मी नाही" म्हणायचा, खिडकी फोडली तेव्हाही. बिनचष्म्याने लेथ चालवताना तो आधी दोनदा सापडला होता, आणि ते वहीत लिहिणारा मीच होतो. त्याचं नाव तांत्रिक तुकडीतून काढलं. विमानदलाचा प्रश्नच उरला नाही. एका डोळ्याच्या मुलाला सैन्यच घेणार नव्हतं. आणि या देशात सैन्यात न गेलेल्या मुलाला पुढे जन्मभर प्रत्येक नोकरीत पहिला प्रश्न तोच विचारतात, का गेला नाहीस.

मुख्याध्यापकांना माझं ड्रॉइंग फार आवडलं. त्यांनी ते काचेत बसवून वर्कशॉपच्या दाराशी लावलं, मुलांना धडा म्हणून.

तिथेच प्रोस्पेरने ते पाहिलं. दोन महिन्यांनी तो शाळेचा दाखला न्यायला आला होता, डोळ्यावर पट्टी. मी वर्गात एकटा होतो. तो आत आला, नेहमीसारखा बाकावर न बसता उभाच राहिला.

"मोरे, तुम्ही चावी तुटक रेघेने काढलीत."

"हो."

"म्हणजे मी उभा होतो तिथून ती दिसत नव्हती."

"नव्हती."

"मी जॉब लावला असता तर चावी पुढच्या भोकात राहिली असती. मी कायम पुढून आवळतो. मागे नेतच नाही. तिन्ही भोकांतून फक्त तुम्ही आवळता." त्याचा आवाज चढला नाही. गणित मांडावं तसा एकेक पायरी मांडत होता, आणि प्रत्येक पायरी बरोबर होती. "जॉब लावलेला होता. मला वाटलं तुम्ही लावलात. तुम्ही लावलात म्हणून मी तपासलं नाही."

"मी लावला नाही, प्रोस्पेर."

तो थांबला. माझ्यावर विश्वास ठेवायचा त्याने प्रयत्न केला, मला दिसला तो. मग त्याच्या भाषेत त्याने विचारलं, "मी?"

माझ्या भाषेत त्याचं उत्तर तोच शब्द होता. इजूच्या तोंडून तो निघाला होता, तसा माझ्याही तोंडून निघायला हवा होता. मी म्हणालो, "चौकशी संपली आहे." मग आणखी वाईट केलं. म्हणालो, "तुझ्यासारख्या मुलाला कुठेही काम मिळेल."

तो "तोदा, मोरे" म्हणाला आणि गेला. तोदा म्हणजे आभार. टोचून बोलला नाही, सवयीने बोलला.

त्यानंतर मी पुष्कळ मुलं शिकवली. लढाई आली. वर्गात माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं त्या लढाईत गेली आणि त्यांच्या नावांची पाटी शाळेच्या दारात लागली. गोफणीचा धडा मी चालूच ठेवला. लेथवर पुन्हा कधी उभा राहिलो नाही, पाठीचं कारण सांगितलं. माझ्या बायकोला आजवर यातलं काही माहीत नाही. हा लेख छापलेला आपला मराठी अंक घरी आला की कळेल.

इजूचं चांगलं झालं. उन्हाळ्यापर्यंत वेळ मागितला होता, तो पुरला. मॅट्रिक झाला, सैन्यात तांत्रिक विभागात गेला, आता एका कारखान्यात यंत्रांची डिझाइनं करतो. रिबकाबाई भेटली की दर वेळी माझा हात हातात घेते. "सर, तुम्ही नसता तर माझा पोरगा कुठं असता," म्हणते. मी हात सोडवून घेतो आणि तिला वाटतं मी लाजलो.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी इजू घरी आला. एकटाच. चहा घेतला नाही. आता तो मराठी कमी बोलतो, मधेच हिब्रूत शिरतो, पण त्या दिवशी हट्टाने मराठीत बोलत राहिला. त्याला तीन वर्षांची मुलगी आहे, तिला मराठीचा गंध नाही. आदल्या दिवशी तो भाजी घेऊन आपल्या घरी आला होता आणि हात अडकले होते म्हणून त्याने पायाने दार वाजवलं. मुलीने आतून विचारलं, "मी?" हा बाहेरून म्हणाला, "मी." मुलगी हसत सुटली. "अब्बा, मी विचारतेय ‘मी?’, आणि तू पण विचारतोस ‘मी?’"

"भाजी तिथंच ठेवली, सर," इजू म्हणाला. "जिन्यावर बसलो."

मग त्याने विचारलं,

"सायबांना त्या दिवशी काय ऐकू आलं?"

"कोण, असं."

"आणि तुम्ही त्यांना काय सांगितलं ते मला पाठ हाय. तवा मला हिब्रू येत नव्हतं, पन आवाज लक्षात राहिला. हू शोएल मी. त्यात मी होतं. मला वाटलं, तुम्ही माझं त्यांना पोचवलं." "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी खरं बोललो."

मला त्याची क्षमा मागता आली असती. मी म्हणालो, "तू लहान होतास. तुझ्यासाठीच केलं." तो उठला. दारापर्यंत गेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सर न म्हणता म्हणाला, "सोड म्हणालात म्हणून सोडली. तेवढं तरी प्रोस्पेरला सांगायचं होतं."

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. तो प्रोस्पेरकडे जाऊन आला होता. प्रोस्पेरचं बसस्टँडजवळ दुकान आहे, जळलेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळून देतो. एका डोळ्याने इतकं बारीक काम कसं करतो कोण जाणे. इजूने त्याला सगळं सांगितलं. प्रोस्पेर तार गुंडाळत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, तू आठ महिन्यांचा नवखा होतास, जाऊ दे. मग म्हणाला, "मला नेहमी वाटायचं, चावी मोरेंच्या हातून राहिली. ते सांगितलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. मला त्यांनी ड्रॉइंग शिकवलं होतं. म्हणून मी निरीक्षकांना त्यांचं नाव सांगितलं नाही." एवढं सांगून त्याने इजूला विचारलं, चावी कोणाच्या हातून राहिली हे मोरेंना माहीत होतं का?

"तू काय सांगितलंस?" मी फोनवर विचारलं.

"ते मोरेंनाच विचार, असं बोललो," इजू म्हणाला. "आता तुम्ही जा."

"सणांनंतर जातो," मी म्हणालो. या देशात न करायच्या सगळ्या गोष्टी लोक सणांनंतर करतात. ते शरदातले सण होऊन गेले, वसंतातला पेसाखही गेला, आता पुन्हा शरदातलं नवं वर्ष येतंय. बसस्टँडला जायचं असलं की मी एक थांबा आधी उतरतो आणि मागच्या गल्लीने चालत जातो.

हा लेख अर्धा झाला तेव्हा संपादक घरी आले होते. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, आपली नवी पिढी मराठी वाचत नाही, गावातल्या इतर लोकांनाही हे वाचायला मिळावं, आपण शेजारी हिब्रू भाषांतर छापू, तुमचं हिब्रू चांगलं आहे, तुम्हीच करून द्या.

मी त्यांना म्हटलं, मराठीच असू द्या.